होस्टेल, लॅब आणि ताटातलं प्रोटीन: एका सेमिस्टरचा अनुभव

हे लिहायला घेतलं कारण मी जेव्हा या विषयावर शोधत होते तेव्हा जे सापडत होतं ते एकतर जिमवाल्या मुलांसाठी होतं, दिवसाला सहा जेवणं आणि वर दोन शेक वगैरे, नाहीतर ज्यांच्याकडे स्वतःचा ओटा, गॅस आणि संध्याकाळचे दोन तास मोकळे आहेत अशा लोकांसाठी. मी मास्टर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, होस्टेलवर राहते, जेवण मेसचं, दिवस लॅबमध्ये जातो आणि रूममध्ये एक इलेक्ट्रिक केटल सोडली तर शिजवायचं काही साधन नाही. अशा परिस्थितीत प्रोटीन आणि बरे फॅट्स कसे वाढवायचे हे कुणी सांगत नव्हतं, म्हणून जे झालं ते झालं त्या क्रमाने लिहिते.

सुरुवात जुलैच्या शेवटी झाली. दुपारी जेवून यायचे आणि साडेतीन-चारला परत भूक, ती पण साधी नाही, हात थरथरतील अशी, मग बिस्किटं, मग कॉफी, मग रात्री झोप नाही. जिन्याने वर गेलं की दम. मैत्रीण म्हणाली तुझं प्रोटीन कमी पडतंय, दुसरी म्हणाली आयर्न, तिसरी म्हणाली तू जरा झोप. तिघींचंही थोडं थोडं बरोबर निघालं पण ते नंतर.

मी ठरवलं की पावडरचा डबा मागवण्याआधी डॉक्टरांना विचारायचं. कॉलेजच्या आरोग्य केंद्रात अपॉइंटमेंट ऑनलाइन घ्यावी लागते, आणि तिथे गेल्यावर परत एक कागदी फॉर्म, त्यावर रोल नंबर, होस्टेलचा रूम नंबर, चालू सेमिस्टरची फी भरल्याच्या पावतीची झेरॉक्स. ही पावती कुठेही लिहिलेली नसते पण मागतात. फोनमध्ये दाखवून चालत नाही, कागदच लागतो, तर जाताना घेऊनच जा. आणि सकाळी उघडल्या उघडल्या जा, अकरानंतर गेलात तर स्लॉट असूनही तास-दीड तास बाकावर जातो.

डॉक्टरांनी आधी झोप विचारली, मग पाळी, मग दिवसाला कॉफी किती, मग जेवण. तपासण्या लिहून दिल्या त्या अशा: सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची साधी तपासणी), फेरिटिन (शरीरातला आयर्नचा साठा), व्हिटॅमिन डी, बी-१२, थायरॉईड आणि लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल वगैरे). लिपिडसाठी उपाशीपोटी यायला सांगितलं, म्हणजे आदल्या रात्री जेवणानंतर काही नाही, पाणी चालतं. मी विचारलं, "सर, यात प्रोटीन कमी आहे का ते कळेल ना?" ते म्हणाले की रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन बघता येतं पण ते यकृत कसं काम करतंय, अंगात कुठे सूज-संसर्ग आहे का यावर बरंच अवलंबून असतं, माणूस रोज किती प्रोटीन खातो हे त्यावरून सांगता येत नाही. "ते कळायला वही लागते, सुई नाही," असं म्हणाले. मला वाटलं टाळतायत, पण पुढे डाएटिशियन मॅडमनी पण तेच सांगितलं.

सॅम्पल फक्त सकाळी नऊपर्यंत घेतात. सीबीसी दुसऱ्या दिवशी मिळाला, डी आणि बी-१२ बाहेरच्या लॅबमध्ये पाठवतात म्हणून त्यांना आठवडा लागला. विद्यार्थ्यांना सीबीसी फुकट, बाकीच्यांचे पैसे भरावे लागले, आणि या सगळ्या प्रकरणात एका फटक्यात गेलेला सगळ्यात मोठा खर्च हाच. तुमच्याकडे विद्यार्थी विमा असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि पैसे भरल्याची ओरिजिनल पावती दोन्ही जपून ठेवा, क्लेम करताना नुसता रिपोर्ट उपयोगाचा नसतो.

रिपोर्ट आला त्यात हिमोग्लोबिन ठीक, फेरिटिन अगदी खालच्या काठावर, बी-१२ ठीक, थायरॉईड ठीक, कोलेस्टेरॉल ठीक, व्हिटॅमिन डी बऱ्यापैकी कमी. डीची गोळी दिली आणि सांगितलं की ती जेवणाबरोबर घे आणि त्या जेवणात थोडं फॅट असू दे, कारण ए, डी, ई, के ही व्हिटॅमिन्स फॅटमध्ये विरघळतात. आता माझा नाश्ता म्हणजे काळी कॉफी आणि दोन कोरडे टोस्ट. त्यात फॅट कुठून आणणार. इथे पहिल्यांदा मला फॅट या शब्दाकडे नीट बघावं लागलं, तोपर्यंत माझ्या डोक्यात फॅट म्हणजे टाळायची गोष्ट एवढंच होतं.

डाएटिशियन मॅडम आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदाच येतात आणि त्यांच्याकडे जायला डॉक्टरांची रेफरल चिठ्ठी लागते. नंबर दोन आठवड्यांनी लागला. पण चिठ्ठीबरोबर एक कोरा तक्ता दिला होता, तीन दिवसांची खाण्याची नोंद, दोन कॉलेजचे दिवस आणि एक सुट्टीचा, आणि तो भरून आणल्याशिवाय भेट नाही. कंटाळवाणं काम आहे पण सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला.

अंदाजाने लिहायचं नाही म्हणून मी एक छोटा डिजिटल वजनकाटा घेतला, सगळ्यात साधा, आणि तो मेसमध्ये घेऊन गेले. लोक बघत होते. बघू दे. मेसमधला डाळीचा एक डाव साधारण दीडशे ग्रॅम भरला. घट्ट शिजलेल्या मसुरात १०० ग्रॅमला ९ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, पण ते घट्ट. आमच्या डाळीत भांड्याच्या वरच्या भागात पिवळं पाणी आणि डाळ सगळी तळाला बसलेली. मी एका वाटीतली डाळ गाळणीत ओतून पाहिली, गाळणीत जे राहिलं ते जेमतेम दोन-तीन चमचे होतं. मग काय, दुसऱ्या दिवसापासून वाढणाऱ्या काकांना सांगायला लागले, "काका, जरा खालून ढवळून घाला ना." काका म्हणाले, "अगं, सगळ्यांनीच खालचं मागितलं तर वरचं कोण खाणार?" पण घालतात. ही या लेखातली सगळ्यात स्वस्त टिप आहे, कुठल्याही मेसमध्ये चालते, आणि फक्त पहिल्यांदा मागताना लाज वाटते.

तीन दिवसांची बेरीज केली तर प्रोटीन रोज ३० ते ३५ ग्रॅमच्या मधे येत होतं. माझं वजन ५४ किलो. निरोगी मोठ्या माणसाला किलोमागे साधारण ०.८ ग्रॅम हा किमान आकडा धरतात, म्हणजे मला ४५ च्या जवळपास. तर किमानापेक्षाही खाली. आणि फॅट? मला वाटलं तेही कमी असणार, काळी कॉफी पिणारी मुलगी ना मी. फॅट होतं ५५ ग्रॅम. म्हणजे भरपूर. चिप्स, क्रीमची बिस्किटं, रात्रीचे इन्स्टंट नूडल्स, मेसमधलं तळलेलं, सगळं तिथूनच.

मॅडमची भेट वीस मिनिटांची होती. त्यांनी तक्ता बघितला आणि म्हणाल्या, प्रोटीन तुला वाढवायचंय, फॅट तुला वाढवायचं नाहीये, बदलायचंय. ही दोन वेगळी खाती आहेत, एकातले पैसे दुसऱ्यात मोजू नकोस. मला हे त्या दिवशी पूर्ण कळलं नाही पण नंतर लेबलं वाचताना कळत गेलं. टार्गेट त्यांनी ६० ग्रॅम प्रोटीनचं ठरवलं, प्रत्येक मोठ्या जेवणात १५ ते २० आणि उरलेलं मधल्या खाण्यात. फॅटचं म्हणाल्या ५० ते ६० च्या मधेच राहू दे, माझं दिवसाचं खाणं साधारण १८०० कॅलरीचं धरलं तर ते २५ ते ३० टक्के होतं, पण त्यातलं सॅच्युरेटेड, म्हणजे बटर, पाम तेल यांत जास्त असणारं फॅट, २० ग्रॅमच्या खाली आण. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा अशीच आहे, सॅच्युरेटेड एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत आणि ट्रान्स फॅट १ टक्क्याच्या आत. (किडनीचा काही त्रास असेल तर प्रोटीनचे हे आकडे तुमच्यासाठी नाहीत, आधी डॉक्टर.)

आता ती दोन खाती. आपण सगळे शेंगदाणे-बदाम प्रोटीनसाठी म्हणून खातो. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला २५ ग्रॅम प्रोटीन आहे हे खरं, पण त्याच १०० ग्रॅममध्ये ४९ ग्रॅमच्या आसपास फॅटही आहे. फॅटच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, प्रोटीनच्या ग्रॅमला ४. म्हणजे नुसत्या शेंगदाण्यातून २० ग्रॅम प्रोटीन घ्यायचं तर ८० ग्रॅम खायला लागतील आणि साडेचारशे कॅलरी होतील. तेच २० ग्रॅम तीन मोठ्या अंड्यांतून जवळपास सव्वादोनशे कॅलरीत येतं, ८० ग्रॅम कोरड्या मसुरातून पावणेतीनशेच्या आसपास, आणि शिजवलेल्या चिकन ब्रेस्टच्या ६५ ग्रॅममधून शंभरेक कॅलरीत. बदामाचं पण शेंगदाण्यासारखंच. पीनट बटरच्या डब्यावर मोठ्या अक्षरात प्रोटीन लिहिलेलं असतं पण दोन मोठे चमचे घेतले तर प्रोटीन ७-८ ग्रॅम आणि फॅट १६. वाईट नाही, उलट ते बऱ्यापैकी चांगलं फॅट आहे, बहुतेक अनसॅच्युरेटेड, फक्त ते फॅटच्या खात्यात लिहायचं आणि प्रोटीन वरचा बोनस समजायचा. ज्यांना वजन वाढवायचंय त्यांच्यासाठी तर हे सोनं आहे, थोडं खाऊन जास्त ऊर्जा. मला वाढवायचं नव्हतं, त्यामुळे मुठीचा हिशोब ठेवावा लागला. एक मूठ म्हणजे ३० ग्रॅम, ही माझी मूठ, काट्यावर बघितलेली, तुमची तुम्ही बघा.

ऑगस्टच्या मध्यावर खरेदी. दुकानात एक अख्खी संध्याकाळ लेबलं वाचण्यात गेली आणि मैत्रीण कंटाळून बाहेर जाऊन उभी राहिली. लेबल वाचताना दोन गोष्टी बघायच्या. एक, आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका सर्व्हिंगचा, कारण प्रोटीन बारवर सर्व्हिंगचा असतो आणि बिस्किटावर १०० ग्रॅमचा, मग तुलना होतच नाही. दोन, घटकांची यादी, ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पीनट बटरमध्ये शेंगदाणे आणि मीठ एवढंच असेल तर बरं, दुसऱ्या-तिसऱ्या नंबरला साखर आणि पाम तेल आलं तर ठेवून द्या. वर तेल तरंगत असेल तर घाबरू नका, ढवळलं की एकजीव होतं, उलट ज्यात तेल अजिबात सुटत नाही त्यात ते धरून ठेवायला काहीतरी घातलेलं असतं. आणि कुठेही "अंशतः हायड्रोजनेटेड" दिसलं तर ते ट्रान्स फॅट, परत शेल्फवर.

खर्चाचं सांगायचं तर मी किमतीला वजनाने नाही, प्रोटीनच्या ग्रॅमने भागलं, दहा ग्रॅम प्रोटीन कितीला पडतंय असं. सगळ्यात स्वस्त निघाल्या कोरड्या डाळी, कडधान्यं आणि सोया चंक्स, त्यानंतर शेंगदाणे आणि अंडी, मग दूध आणि दूध पावडर, मग चिकन, मग व्हे पावडर (दुधापासून बनणारी प्रोटीन पावडर), आणि सगळ्यात महाग प्रोटीन बार, जो डाळीच्या कित्येक पट पडतो आणि त्यात साखर वेगळी. दुकानागणिक थोडं पुढे-मागे होईल पण टोकं बदलतील असं वाटत नाही. पावडर मी घेतली नाही. ती वाईट म्हणून नाही, एका स्कूपमध्ये २०-२५ ग्रॅम प्रोटीन येतं आणि ज्यांना खरंच वेळ नाही त्यांच्यासाठी सोपं आहे, फक्त मला ६० पर्यंत जायला तिची गरज पडेल असं दिसत नव्हतं.

नाश्ता आधी धरला कारण तो पूर्णपणे माझ्या हातात होता. रविवारी रात्री पाच छोट्या डब्यांत कोरडं मिश्रण भरायचं: ४० ग्रॅम ओट्स, २५ ग्रॅम स्किम्ड दूध पावडर, चिमूटभर मीठ. सकाळी केटलचं गरम पाणी ओतायचं, झाकण लावून पाच मिनिटं, तोपर्यंत केस विंचरायचे, मग त्यात एक चमचा पीनट बटर आणि एक चमचा जवसाची पूड. बेरीज १९ ग्रॅमच्या आसपास जाते, ओट्सचे ५, पावडरचे ९, पीनट बटरचे ४ आणि जवसाचा एखादा. दूध पावडरचा फायदा असा की फ्रीज लागत नाही. पावडर आधी कोरड्यात नीट मिसळा आणि पाणी थोडं थोडं घाला, एकदम ओतलं तर गाठी होतात आणि सकाळी सातला गाठी फोडायला मूड नसतो. व्हिटॅमिन डीची गोळी आता याच्याबरोबर. कॉफी मात्र तासभर उशिरा, कारण चहा-कॉफीमुळे अन्नातलं आयर्न कमी शोषलं जातं आणि माझं फेरिटिन आधीच काठावर.

जवसाबद्दल थोडं. त्यात ओमेगा-३ गटातलं एएलए नावाचं फॅट असतं, जे शरीर स्वतः बनवू शकत नाही, आणि पूड केलेल्या एका मोठ्या चमच्यात दीड ग्रॅमच्या वर मिळतं, बाईमाणसाची दिवसाची गरज १.१ ग्रॅम धरतात आणि पुरुषाची १.६, म्हणजे एका चमच्यात काम होतं. पण अख्खं जवस खाल्लं तर बरंचसं तसंच बाहेर जातं, म्हणून पूड. आणि पूड केली की लवकर खवट होते, म्हणून आठवड्याचीच करायची आणि घट्ट झाकणात. खवट झालेली वासावरून कळते, जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास येतो, ती टाकून द्या. अक्रोडातही एएलए आहे, पण खिशाला जवस परवडतं. मासे खाणाऱ्यांसाठी सार्डिनचा डबा भारी, कारण माशात ओमेगा-३ चे दुसरे दोन प्रकार, ईपीए-डीएचए, थेट मिळतात आणि एएलएपासून शरीर ते फारच थोडे बनवतं. मी रूममध्ये एकदा डबा उघडला होता. रूममेटने खिडकी उघडली आणि काही बोलली नाही, त्यावरून काय ते समजले. आता तो मी टेरेसवर खाते.

मेसचं प्रकरण जास्त लांबलं. आमच्याकडे उकडलेली अंडी एक्स्ट्राची कूपनं घेऊन मिळतात पण फक्त सकाळी, आणि मला हवी होती रात्री, कारण रात्रीच्या जेवणात डाळ असलीच तर नावाला. त्यासाठी मेस कमिटीला अर्ज. अर्जावर वॉर्डनची सही, त्याला डाएटिशियन मॅडमचं पत्र जोडायचं, पत्रावर आरोग्य केंद्राचा शिक्का, आणि शिक्का ज्यांच्याकडे असतो ते दुपारी दोन ते चारच बसतात, ज्या वेळात माझा प्रॅक्टिकल. सप्टेंबरचा पहिला आठवडा असाच गेला. मग कमिटीची मीटिंग महिन्यातून एकदा. एका सीनियरने चांगला सल्ला दिला की एकटीच्या नावाने अर्ज करू नकोस, ज्यांना ज्यांना हवंय त्यांच्या सह्या घे. विंगमधल्या वीसेक जणींनी सह्या केल्या आणि सप्टेंबरअखेर रात्रीची कूपनं सुरू झाली. शाकाहारी मुलींनी त्याच अर्जात दह्याची वाटी जोडून घेतली ती पण मंजूर झाली. तर अर्ज करणार असाल तर असा करा, आणि मागणी अगदी नेमकी लिहा. "पौष्टिक आहार द्यावा" असं लिहिलंत तर कुणालाच काही करावं लागत नाही, "रात्री ८ ते ९ या वेळात कूपनवर उकडलेली दोन अंडी किंवा एक वाटी दही" असं लिहिलं तर हो किंवा नाही म्हणावंच लागतं.

मधल्या खाण्याची अडचण वेगळीच होती. लॅबमध्ये खायला बंदी, आणि ती योग्यच आहे, आमच्या टेबलावर काय काय सांडलेलं असतं ते मला माहितीये. म्हणजे डबा बाहेर लॉकरमध्ये आणि मी आत, आणि जे समोर नाही ते मी खात नाही असं माझं आहे. यावर उपाय निघाला तो सेंट्रिफ्यूजमुळे, म्हणजे नमुने गरागरा फिरवून वेगळे करणाऱ्या मशीनमुळे. ते फिरायला लागलं की वीस मिनिटं तसंही काही काम नसतं. हातमोजे काढा, हात धुवा, बाहेर या, डबा खा. फोनमध्ये अलार्म लावून बघितले होते, ते मी बंद करून टाकायचे. पण सेंट्रिफ्यूज लावलं की खायचं हे बसलं. तुमच्या दिवसात असं काहीतरी असेलच, बसची वाट, दोन लेक्चरच्या मधली खोली बदलणं, प्रिंटरची लाइन.

डब्यात आधी शेंगदाणे होते. मग समोरच्या बेंचवर बसणाऱ्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे हे कळलं, तशी म्हणजे त्रास झाला तर लगेच टोचायला औषधाची सुई जवळ ठेवणारी ॲलर्जी, म्हणून कॉलेजच्या डब्यात भोपळ्याच्या बिया आणि भाजलेले हरभरे आले. भोपळ्याच्या बियांमध्ये प्रोटीन शेंगदाण्यापेक्षा थोडं जास्तच, ३० ग्रॅमला ८-९ ग्रॅम. शेअर्ड जागेत नट्स उघडण्याआधी एकदा विचारा, एवढंच.

पोटाचं सांगायला हवं कारण कुणी सांगत नाही. सुरुवातीच्या दोन आठवड्यांत पोट फुगायचं, गॅस, वर्गात बसायची चोरी. मॅडमना मेसेज केला तर त्या म्हणाल्या हे प्रोटीनचं कमी आणि फायबरचं जास्त आहे, कडधान्यं, ओट्स, जवस सगळं एकदम सुरू केलंस ना. मग जवस अर्ध्या चमच्यावर आणलं, पाणी वाढवलं, छोले रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्यायला लागले, विकतच्या टिनमधले असतील तर धुऊन. हळूहळू गेलं. तुम्ही एकेक गोष्ट आठवड्याच्या अंतराने सुरू केलीत तर बहुतेक हे भोगावं लागणार नाही.

केटलवाल्यांसाठी एक महत्त्वाचं. सोया चंक्स केटलच्या उकळत्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवले की मऊ होतात, पिळून पाणी काढा, परत धुवा, मग ते उग्र वास येणं जातं, आणि कोरड्या ४० ग्रॅममध्ये २० ग्रॅम प्रोटीन. मसुराचं भिजवून मोड आणून जमतं. पण राजमा केटलमध्ये करायला जाऊ नका. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यात लेक्टिन प्रकारचं एक विषारी प्रोटीन असतं, त्याने जोरदार उलट्या होतात, आणि ते जायला राजमा किमान पाच तास भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळावा लागतो, वर शिजेपर्यंत शिजवायचा तो वेगळाच. केटल उकळी आली की बंद होते. मंद आचेवरचा स्लो कुकर पण यासाठी धोक्याचा. राजमा खायचाच असेल तर विकतच्या टिनमधला शिजवलेला घ्या.

ऑक्टोबरमध्ये परीक्षा. तिथे सगळं विस्कटलं, पण पूर्ण नाही, आणि काय टिकलं ते बघणं इंटरेस्टिंग होतं. ओट्सचे डबे टिकले कारण ते आधीच भरलेले होते. अंडी टिकली कारण कूपनचे पैसे दिलेले होते. सोया-बिया हे रोज ठरवून करायचं काम पहिल्यांदा गेलं. रात्री दोनला नूडल्स पण आले परत, फक्त आता त्यात दोन अंडी फोडून घालायची, मसाल्याची पुडी अर्धी, वरून बिया. नूडल्सच्या पाकिटात प्रोटीन ६-७ ग्रॅम असतं, अंड्यांनी ते अठरा-एकोणीसवर जातं. कुणी मला विचारलं की एवढं सगळं करायला वेळ नाही, एकच काहीतरी सांग, तर मी हेच सांगेन: जे आत्ता खाताय तेच खा आणि त्यात दोन अंडी किंवा वाटीभर घट्ट दही घाला.

फॅटच्या बदलीत मी फार काही केलं नाही. क्रीमची बिस्किटं आणि चिप्स रूममध्ये आणणं बंद केलं, खायची तर बाहेर जाऊन खायची, आणि रात्री अकराला बाहेर कोण जातंय. ब्रेडवर बटरऐवजी पीनट बटर किंवा चेचलेले छोले, त्यात लिंबू आणि चमचाभर ऑलिव्ह ऑइल. बटरमध्ये अर्धं वजन सॅच्युरेटेड फॅटचं असतं, ऑलिव्ह ऑइलमध्ये १४ टक्क्यांच्या आसपास, तेवढा फरक पुरे होता. अ‍ॅवोकॅडोबद्दल सगळे विचारतात. छान लागतो, फॅट चांगलं, पण अर्ध्यात प्रोटीन दोनेक ग्रॅम आणि खर्च बराच, तर हौस म्हणून.

नोव्हेंबरच्या शेवटी परत तीन दिवसांची नोंद आणि परत रक्त, कारण व्हिटॅमिन डी साधारण तीन महिन्यांनी बघायला सांगितलं होतं. प्रोटीन ५५ ते ६० च्या मधे येतंय, सुट्टीच्या दिवशी कमी, कारण सुट्टीला मी उशिरा उठते आणि नाश्ता जातो. फॅट जवळपास तेवढंच, ५५-५८, पण सॅच्युरेटेड २५ वरून १७-१८ वर. डी वाढलं, ते मुख्यतः गोळीमुळे. फेरिटिन थोडंसंच हललं, त्यासाठी आता डॉक्टरांनी वेगळी गोळी दिलीये. वजन जिथे होतं तिथेच. चार वाजताची ती थरथरणारी भूक गेली हे मात्र नक्की. थकवा बराच कमी आहे पण त्यात कॉफी कमी झाली, झोप वाढली, परीक्षा संपली, असं सगळंच आहे, तर त्याचं श्रेय प्रोटीनला एकट्याला द्यायला मी तयार नाही.

आता लढाई मजल्यावरच्या कॉमन फ्रीजची आहे. त्यात शेल्फ मिळायला वेगळा फॉर्म आहे, डिपॉझिट आहे, आणि वेटिंग लिस्ट आहे ज्यात माझ्यापुढे अकरा जणी. शेल्फ मिळेपर्यंत कुणाच्या तरी कोपऱ्यात अंडी ठेवत असाल तर डब्यावर नाव, रूम नंबर आणि उकडल्याची तारीख मार्करने लिहा. सालासकट उकडलेलं अंडं फ्रीजमध्ये आठवडाभर चालतं, बाहेर दोन तासांच्या वर नाही. तारीख नसलेला डबा शनिवारी साफसफाईत कचऱ्यात जातो, आणि आमच्या मजल्यावर तरी त्यावर अपील नाही.